खाशाबांचं भागभांडवल



दर अंकात या पानावर आम्ही उसाविषयी लिहितो. बेणं कसं निवडावं, खोडव्याचं पाचट का जाळू नये, पाण्याच्या पाळ्या कशा द्याव्यात, हे आमचे नेहमीचे विषय. या वेळी मात्र कुस्तीवर लिहायचं ठरवलं आहे. ऊस विकास विभागाचा आणि कुस्तीचा काय संबंध, असं कुणी विचारील. संबंध कसा आला, ते आधी सांगतो.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही पिंगळी गटात फिरत होतो. रेल्वे स्टेशनच्या अंगाला असलेल्या शिवारात एका सभासदाच्या दोन एकरांची नोंद घेतली, सरीची रुंदी पाहिली, बेणं पाहिलं. काम आटोपलं तसा चहा आला. चहा देणारं पोरगं नववीतलं. मान आखूड, कान चुरगळलेले. कान पाहिले की पैलवान ओळखता येतो. "मामा, लेकरू तालमीत जातंय वाटतं?" असं आम्ही विचारलं, आणि तो शेतकरी जणू याच प्रश्नाची वाट पाहत होता.

"तेच इचारायचं होतं साहेब. वस्ताद म्हणतेत, पोरात दम हाय, याला बाहेरच्या तालमीत ठेवा. दूध, बदाम, तूप, खोलीचं भाडं, सगळं धरून महिन्याला किती लागंल त्याचा हिशोबच लागंना. म्हस इकावी का पोराला तालमीतून काढावं?"

आम्ही गप्प बसलो. तेवढ्यात पोरानं खिशातून मोबाइल काढला आणि आम्हाला एक कुस्ती दाखवली. मोकळ्या गवताच्या मैदानावर दोन धिप्पाड गडी, अंगाला तेल चोपडलेलं, कमरेला कातडी विजार. बाजूला ढोल आणि सनईसारखं वाद्य वाजत होतं. "तुर्कस्तानातली हाय साहेब. तिकडं पैलवानाला सरकार घर देतं म्हणे. खरं हाय का?"

म्हैस विकावी का, आणि घर देतात हे खरं का, असे हे दोन प्रश्न. त्या दिवशी आम्हाला दोन्हींची उत्तरं धड देता आली नाहीत. घरी आल्यावर जुनी पुस्तकं, कात्रणं काढली, जाणत्या वस्तादांशी बोललो. त्यातून जे हाती आलं, ते त्या सभासदासाठी आणि तुम्हा सर्वांसाठी इथे मांडतो. आणि ते मांडायचं तर कराडजवळच्या गोळेश्वर गावापासूनच सुरुवात करावी लागते.

गोळेश्वरचा धाकटा

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच कुस्ती, त्यामुळे जोर-बैठका आणि सपाटे हे पोराला पाढ्यांच्या आधी आले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झालं. बेचाळीसच्या चळवळीत सातारा जिल्हा पेटला होता, तेव्हा या शाळकरी पोरानेही भूमिगत कार्यकर्त्यांना मदत केली.

पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी गावोगावच्या पैलवानांना आश्रय दिला, तालमी उभ्या केल्या आणि १९१२ साली खासबागचं मैदान बांधलं. हजारो माणसं उतरंडीवर बसून कुठूनही मधला हौदा नीट पाहू शकतील, अशी त्याची रचना आहे. अशा गावात बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजींच्या नजरेखाली खाशाबांची तयारी झाली.

खाशाबा अंगाने काही धिप्पाड नव्हते. पैलवान म्हणजे मोठं पोट आणि मोठी मांडी, हा आपला समज त्यांच्याकडे पाहून मोडायचा. त्यांची सगळी ताकद चपळाईत आणि डावात होती. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. समोरच्याची मान आणि हात बगलेत धरून त्याला कमरेवरून असा फेकायचा की त्याला समजेपर्यंत पाठ जमिनीला लागलेली असायची. उसाचंही असंच असतं. लांबून दांडगा दिसणारा ऊस काट्यावर आणि उताऱ्यात मागे पडतो, आणि मध्यम जाडीचा, भरीव ऊस पुढे जातो.

माती सुटली, गादी आली

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी खाशाबांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तोवर खाशाबांची उभी हयात मातीत गेलेली. तालमीतली माती म्हणजे तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली, पायाला धरून ठेवणारी. लंडनला मात्र गादी होती. गादीवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी लागते. शिवाय आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती निकाली, मग ती पाच मिनिटांत होवो की तासाभरात. तिथे वेळ बांधलेला आणि गुण मोजलेले. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना गादीवरच्या कुस्तीचे धडे दिले.

एवढ्या शिदोरीवर खाशाबा ५२ किलोच्या गटात उतरले. ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून हार पत्करावी लागली. अखेर सहावा क्रमांक मिळाला. गादीवर जवळजवळ पहिल्यांदाच उभ्या राहिलेल्या गड्याने जगात सहावं यावं, ही साधी गोष्ट नव्हे. पण आपल्याकडे सहाव्या नंबराची मिरवणूक निघत नाही.

त्याच गटात रौप्यपदक घेतलं ते हालित बालामिर या तुर्की पैलवानाने. आणि इथेच त्या पोराच्या मोबाइलमधली गोष्ट आपल्या गोष्टीला येऊन मिळते.

तुर्कस्तानचे पैलवान

तुर्की भाषेत कुस्तीगिराला 'पेहलिवान' म्हणतात. आपला 'पैलवान' आणि त्यांचा 'पेहलिवान' हे दोन्ही शब्द फारसीतून आलेले. त्यांच्याकडे एदिर्ने शहराजवळ किर्कपिनार नावाची शेकडो वर्षांची परंपरा असलेली कुस्तीची जत्रा भरते. पैलवान ऑलिव्हचं तेल अंगभर चोपडतात, कातड्याची विजार घालतात आणि गवतावर खेळतात. आपल्याकडे हलगी घुमते तसा तिथे ढोल वाजतो. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला जगाच्या वारशाच्या यादीत जागा दिली. म्हणजे पोराने मोबाइलवर पाहिलं ते खरंच आहे.

या गावरान कुस्तीतून आलेली पोरं तुर्कस्तानने गादीवर आणली, त्यांना शिकवलं, बाहेरदेशी पाठवलं. त्याचं फळ लंडनला दिसलं. १९४८ मध्ये तुर्कस्तानने एकट्या कुस्तीत सहा सुवर्णपदकं मिळवली, त्यांतली चार फ्रीस्टाइलची. त्या चौघांतला एक यशार दोउ. सामसून भागातल्या कावाकजवळच्या खेड्यात, १९१३ साली जन्मलेला शेतकरी घरातला गडी. गावच्या मातीतली कुस्ती खेळत वाढला, आणि लष्करी सेवेच्या काळात त्याला गादी मिळाली. पुढे तो युरोपचा विजेता झाला, लंडनला ७३ किलो गटात ऑलिंपिक विजेता झाला, आणि १९५१ साली हेलसिंकीत भरलेल्या जागतिक स्पर्धेत ८७ किलो गटात पहिला आला. तीन वर्षांत किती वजन वर नेलं पाहा, आणि तरीही पहिलाच. निवृत्तीनंतर त्याने पोरांना शिकवण्याचं काम केलं. १९६१ साली हृदयविकाराने त्याचं निधन झालं.

आता घराचा प्रश्न. लंडनहून परतलेल्या विजेत्यांना तुर्कस्तानात घराच्या आणि पैशाच्या रूपाने बक्षिसं मिळाली. देशाने कौतुक केलं, पण त्या काळी ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. खेळावर पैसा घेतला की तो धंदेवाईक ठरायचा. या बक्षिसांमुळे दोउ आणि त्याचा सोबती गझनफेर बिल्गे हे दोघे १९५२ च्या ऑलिंपिकला मुकले. ज्या हेलसिंकीत दोउ एक वर्ष आधी जगज्जेता झाला, त्याच हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये त्याला उतरता आलं नाही.

म्हणजे लेकरा, तू ऐकलंस ते खरं. त्या पैलवानांना बक्षीस मिळालं. आणि त्याच हेलसिंकीला जाण्यासाठी आपल्याकडे एका माणसाला स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं.

मास्तरांचं घर

लंडनहून आल्यावर खाशाबांनी पुढची चार वर्षं स्वतःला घासून काढलं. ५२ किलोऐवजी ५७ किलोच्या गटात जायचं ठरवलं. पण १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासला निरंजन दास या मल्लाविरुद्धच्या कुस्तीत त्यांना एका गुणाने हरलेलं ठरवण्यात आलं. निकाल खाशाबांना पटला नाही. ते हाय खाऊन घरी बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा जोड लावून दिली, आणि या वेळी खाशाबांनी निरंजन दासला चीत केलं. तक्रार करायची तर ती योग्य ठिकाणी करावी आणि मग काम करून दाखवावं, हा धडा आम्हाला यात फार मोलाचा वाटतो.

निवड झाली. आता प्रश्न पैशाचा. सरकारकडून वेळेवर पुरेशी मदत मिळेना. कराडच्या दुकानदारांनी, गोळेश्वर आणि आजूबाजूच्या गावकऱ्यांनी यथाशक्ती वर्गणी दिली. कुणी रुपया दिला, कुणी पाच. ज्या घरात रोख नव्हती, तिथून प्रवासाची शिदोरी आली. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपलं राहतं घर गहाण टाकलं आणि सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार म्हणजे किती, ते आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहा.

इथे आम्हाला आपल्या सहकाराची आठवण येते. खाशाबा लंडनहून परतले त्याच काळात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग गोळा करत होते. प्रत्येकाचा भाग लहान, पण सगळे एकत्र आले आणि १९५० च्या अखेरीस प्रवरेच्या कारखान्याचं धुराडं पेटलं. इकडे कराड-कोल्हापूरच्या माणसांनी एका पैलवानाचे भाग घेतले. कारखान्याला भागभांडवल लागतं, तसं पैलवानालाही लागतं. फरक इतकाच, की या भागांवर लाभांश मिळेल अशी कुणाला अपेक्षा नव्हती. खर्डेकर सरांनी सगळ्यांत मोठा भाग घेतला आणि तारण म्हणून छप्पर ठेवलं.

हेलसिंकी

फिनलंडमधल्या हेलसिंकीला खाशाबा ५७ किलोच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. पहिल्याच कुस्तीत कॅनडाच्या आद्रियां पोलिक्वॅंला त्यांनी चीत केलं. मग मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो. मग जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्स. एकामागून एक तीन देश मागे पडले.

पुढे दोन डोंगर उभे होते. जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव. या दोन लढतींच्या दरम्यान खाशाबांना विश्रांती मिळाली नाही. दमलेल्या अंगानेच पुन्हा गादीवर जावं लागलं. दोन लढतींमध्ये किमान तीस मिनिटांची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम दाखवून आपल्या पैलवानाची बाजू मांडायला त्या वेळी भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा दोन्ही लढती हरले. इशीला सुवर्ण मिळालं, मामेदबेकोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. तारीख २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपला ऊस काट्यावर जातो तेव्हा आपलं माणूस गाडीबरोबर असावं, असं आपण का म्हणतो? काटा खोटा असतो म्हणून नव्हे. आपली बाजू माहीत असलेलं कुणीतरी तिथे उभं असावं म्हणून. हेलसिंकीला खाशाबांबरोबर गाव होतं, मास्तरांचं घर होतं, पण नेमक्या त्या अर्ध्या तासासाठी बोलणारं माणूस नव्हतं.

त्याच स्पर्धेत ६२ किलो गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले. त्यांचं पदक थोडक्यात हुकलं. त्यांचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहून ठेवतो. त्या गटाचं सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितने नेलं, आणि खाशाबांच्या जुन्या ५२ किलो गटाचं हसन गेमिजीने. म्हणजे आपले दोन मराठी पैलवान तुर्कांच्या मांडीला मांडी लावून जगाच्या पंगतीत बसले होते.

एकशे एक्कावन्न बैलगाड्या

खाशाबा परत आले तेव्हा कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत मिरवणूक निघाली. १५१ बैलगाड्या. ज्या वाटेला एरवी पंधरा मिनिटं पुरत, तिला त्या दिवशी सात तास लागले. आमच्यासारख्या ऊसवाल्याला बैलगाड्यांचा हिशोब पटकन कळतो. तेवढ्या बैलांचा चारा, तेवढ्या माणसांचा दिवस, सगळं आपापल्या घरचं. हा त्या भागधारकांचा लाभांश होता असं म्हणा.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी काय केलं, ते आम्हाला पदकाइतकंच मोठं वाटतं. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या केल्या आणि त्यांच्या कमाईतून खर्डेकर सरांचं गहाण घर सोडवलं. कर्ज देणाऱ्याने मागितलं नव्हतं, पण घेणाऱ्याच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीमुळे पुढचं ऑलिंपिक हुकलं. खात्यात पोरांना शिकवलं आणि १९८३ मध्ये सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. शेवटचे दिवस ओढाताणीचे गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव देण्यात आलं.

त्यांच्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं. ते टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवलं. कुस्तीतलं दुसरं पदक सुशील कुमार यांनी २००८ मध्ये आणलं, तब्बल ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या माणसाला पुन्हा वैयक्तिक पदक मिळालं ते २०२४ मध्ये पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांना, नेमबाजीत. त्याला ७२ वर्षं लागली. एवढ्या वर्षांत आपल्या मातीत पोरं जन्मलीच नाहीत का? जन्मली. त्यांचे भाग कुणी घेतले नाहीत.

आमचाही एक हिशोब

हे दुसऱ्याला सांगण्याआधी आमचंही सांगून टाकतो. आमच्या शाळेत आमच्याच वर्गात एक पोरगं होतं. पंचक्रोशीच्या जत्रांत त्याला जोड मिळत नसे. नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून तो मोठ्या इनामापर्यंत आला होता. निवड चाचणीसाठी बाहेरगावी जायचं होतं. गाडीभाडं, दोन दिवसांचं राहणं-खाणं, सगळं मिळून चारशे रुपये. पारावर विषय निघाला. सगळे म्हणाले, "बघू." आम्हीही म्हणालो, "बघू." त्याच आठवड्यात आम्हाला शिष्यवृत्तीचे पैसे मिळाले होते. ते आमच्या खिशात होते.

चाचणी होऊन गेली. त्या दसऱ्यानंतर तो कोयता घेऊन टोळीबरोबर उसतोडीला गेला. आम्ही कृषी पदविकेला गेलो. आज तो तोडणी टोळीचा मुकादम आहे आणि दर हंगामात आमची त्याच्याशी गाठ पडते. पूर्वी तो आम्हाला नावाने हाक मारायचा, आता "साहेब" म्हणतो. गेल्या हंगामात आम्ही धीर करून कुस्तीचा विषय काढला. "आता कशाला काढता साहेब, फडात गाडी उभी हाय," एवढंच तो म्हणाला आणि मोळ्या भरायला निघून गेला.

खर्डेकर सरांनी घर गहाण टाकलं. आम्हाला चारशे रुपये सुटले नाहीत. म्हणून हा लेख.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर

आता पिंगळीच्या त्या सभासदाला आमचं उत्तर. मामा, म्हैस विकू नका. म्हशीचं दूध हाच पोराचा खुराक आहे. शाळा सोडायला लावू नका. खाशाबा कॉलेजात शिकत होते आणि त्यांचं घर सावरलं ते नोकरीने. मातीबरोबर गादीची सवय आत्तापासून लावा. लंडनला खाशाबांना जे ऐनवेळी शिकावं लागलं, ते पोराला आधीच येऊ द्या. वयाचा दाखला, शाळेचा दाखला, आधार, बँकेचं खातं आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं एका पिशवीत नीट ठेवा. चाचणीच्या दिवशी कागद नाही म्हणून परतलेली पोरं आम्ही पाहिली आहेत. आणि पोर जिथे खेळायला जाईल तिथे नियम माहीत असलेलं एक माणूस बरोबर पाठवा.

घाई करू नका. पैलवान हे आडसाली पीक आहे. सुरूच्या उसासारखं वर्षात तोडून मोकळं होता येत नाही. खाशाबांच्या सहाव्या नंबरापासून तिसऱ्या नंबरापर्यंत चार वर्षं गेली.

आपल्या मराठवाड्यात हे होत नाही, असंही समजू नका. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाली. लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, पुढे रुस्तुम-ए-हिंद झाले. त्यांच्या हाताखाली घडलेले बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण घेतलं आणि २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य. ५७ किलो म्हणजे खाशाबांचंच वजन. माती आपली कमी नाही. पोरगा असो की पोरगी, भाग घेणारी माणसं पुढे आली पाहिजेत.

कारखान्याने पैलवानांना मानधन द्यावं का, हा संचालक मंडळाचा आणि वार्षिक सभेत तुमचा विषय आहे. राज्यातल्या अनेक सहकारी कारखान्यांनी ते दिलेलं आहे. आम्ही नोकरमाणसं, त्यात जास्त बोलणं आमच्या अधिकारात बसत नाही. पण सभेची वाट न पाहता गावात जे होऊ शकतं ते असं : पिंगळीत एक शंभर पानी वही ठेवली आहे. वस्ताद आणि दोन जुने सभासद हिशोब बघतील. ज्याला जे जमेल ते त्याने लिहावं, मग रोख असो, शेरभर दूध असो की चाचणीला नेण्यासाठी गाडीतली एक जागा असो. पहिल्या पानावर पहिली ओळ आम्ही लिहिली आहे. चारशे रुपये, आणि इतक्या वर्षांचं व्याज म्हणून आणखी काही.

त्या सभासदाच्या दोन एकरांची उगवण पाहायला आम्ही पुढच्या फेरीत पिंगळीला येणार आहोत. नांग्या भरायच्या असतील तर रोपं तयार ठेवा. त्याच वेळी वहीही पाहू.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी